इसेन्शियल ऑइल आणि त्वचा: ॲलर्जी कशी जडते, कशी टाळावी

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात वारंवार ऐकू येणारी एक तक्रार आहे: "हे तेल मी दोन वर्षे लावते आहे, कधीच काही झाले नाही, मग आताच कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, या तेलांची ॲलर्जी माणूस जन्मतः घेऊन येत नाही. ती वापरातून जडते, आणि जडेपर्यंत त्वचा बहुधा कोणतीही पूर्वसूचना देत नाही. 'मला हे तेल सोसते' हा अनुभव त्यामुळे आजपुरता खरा असतो, उद्याची हमी त्यातून मिळत नाही. ही एक गोष्ट नीट समजली की तेल किती लावावे, कोठे लावावे, किती दिवस लावावे आणि किती जुने झाल्यावर टाकून द्यावे, या सूचनांमागचे कारण आपोआप उमगते.

इसेन्शियल ऑइल हे खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे स्निग्ध तेल नव्हे. पाने, फुले, साली आणि मुळे यांतील उडून जाणारी सुगंधी द्रव्ये वाफेच्या साह्याने, ऊर्ध्वपातनाने वेगळी केली की हे तेल मिळते; संत्रे, लिंबू, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळांच्या सालींचे तेल मात्र बहुधा दाबून काढतात. बाटलीत एकच पदार्थ नसतो, तर अनेक लहान लहान रेणूंचे मिश्रण असते, आणि ते विलक्षण तीव्र असते. एक किलो गुलाबतेल मिळवण्यासाठी साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, एवढे सांगितले तरी तीव्रतेची कल्पना यावी. दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी घालतो. ते उटणे पाच मिनिटे अंगाला लागते आणि धुऊन जाते. त्याच वाळ्याचे ऊर्ध्वपातित तेल अंगावर लावून रात्रभर ठेवणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. 'आपले पूर्वज हेच वापरत होते' हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही, कारण पूर्वज वनस्पती वापरत होते, तिचा शेकडो पट तीव्र अर्क रोज त्वचेवर चोळत नव्हते. लग्नसमारंभात तळहाताच्या मागे लावलेले अत्तर हा वर्षातून दोन-चार वेळचा संपर्क असे. कानात ठेवलेला अत्तराचा फाया हा तर कापसाच्या बोळ्यावरचा संपर्क असतो. कनौजच्या परंपरेतील अत्तरे मुळात चंदनतेलात उतरवलेली असत, म्हणजे तेथेही सुगंधाला एक आधारतेल होतेच.

जळजळ वेगळी, ॲलर्जी वेगळी

तेल लावल्यावर होणाऱ्या त्रासाचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की पुढचे सगळे निर्णय चुकतात. पहिला प्रकार सरळ दाहाचा. ओव्याचे किंवा लवंगेचे तेल तसेच्या तसे लावले तर काही मिनिटांतच आग होते, लाली येते, क्वचित फोड येतो. हे कोणालाही होऊ शकते, तेल पातळ केले की त्रास कमी होतो, आणि शरीर त्याची आठवण ठेवत नाही.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा, ज्याला वैद्यकात संपर्कजन्य त्वचादाहाचा ॲलर्जिक प्रकार म्हणतात. महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. बिब्बा उतणे म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही; कोकणात आणि गोव्यात काजूची टरफले सोलणाऱ्या हातांना, तसेच आंब्याचा चीक तोंडाला लागणाऱ्या मुलांना हेच होते, आणि बिब्बा, काजू व आंबा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले गाजर गवत हे आणखी एक ठळक उदाहरण: शेतात, रस्त्याकडेला वर्षानुवर्षे त्याच्या सान्निध्यात वावरलेल्या माणसाला एके वर्षी चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खोबणीत खाजरे चट्टे उठू लागतात आणि मग ते दरवर्षी उठतात. लॅव्हेंडर किंवा टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाने होणारी ॲलर्जी तुलनेने सौम्य असते, पण तिची यंत्रणा हीच आहे.

ही यंत्रणा अशी चालते. सुगंधी तेलांतले रेणू इतके लहान असतात की ते त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत शिरतात. एवढ्या लहान रेणूला शरीराची प्रतिकारव्यवस्था एरवी दखलपात्र मानत नाही. पण त्यांपैकी काही रेणू त्वचेतील प्रथिनांना घट्ट चिकटतात, आणि ते बदललेले प्रथिन परके वाटू लागते. त्वचेतील पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तेथे टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारव्यवस्थेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, एक तुकडी त्या विशिष्ट रेणूसाठी तयार होते आणि त्याची स्मृती घेऊन शरीरभर पसरते. या तयारीला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्या काळात बाहेर काहीही दिसत नाही. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी १९३५ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवून दिले की अगदी साधी, लहान रसायनेसुद्धा त्वचेवाटे अशी ॲलर्जी निर्माण करू शकतात. एकदा ही स्मृती तयार झाली की ती बहुधा जन्मभर टिकते. त्यानंतर त्याच रेणूचा थोडासा संपर्क झाला, तो शरीरावर कोठेही झाला, तरी एक ते तीन दिवसांत तेथे पुरळ उठते.

एक ते तीन दिवस हा अवधी लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण निदानातील बहुतेक घोळ येथेच होतो. शनिवारी लावलेल्या तेलाची खाज सोमवारी सुरू झाली की माणूस रविवारच्या जेवणातली वांगी किंवा अंडी आठवू लागतो, नाहीतर 'अंगात उष्णता झाली' म्हणून सब्जा पिऊ लागतो. अंगावर पित्त उठणे हा प्रकारही यापासून निराळा आहे. पित्ताच्या गांधी मिनिटांत उठतात, जागा बदलतात आणि काही तासांत मागमूस न ठेवता विरतात. संपर्कजन्य ॲलर्जीचा चट्टा हळूहळू येतो, जागीच राहतो, त्यावर बारीक पाण्याचे फोड किंवा खपली दिसते आणि तो आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. तो कोठे आला आहे हेही बोलके असते: केसांना लावलेले तेल ओघळून कानामागे आणि मानेवर चट्टे उठवते, हातांना लावलेल्या तेलाचा त्रास पुष्कळदा हातांवर न दिसता पापण्यांवर दिसतो, कारण पापणीची त्वचा अतिशय पातळ असते आणि हात दिवसभर डोळ्यांकडे जात असतो.

किती, यापेक्षा किती जागेत

ॲलर्जी जडण्याच्या संदर्भात एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी आहे. धोका एकूण किती तेल वापरले यापेक्षा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर किती तेल पडले यावर अधिक अवलंबून असतो. मुरमावर टी ट्रीचा 'फक्त एकच थेंब' तसाच ठेवणारी व्यक्ती स्वतःला काटकसरी समजते. प्रत्यक्षात तिने नखाएवढ्या जागेवर शंभर टक्के तीव्रतेचा मारा केलेला असतो, आणि तोही दाह झालेल्या, म्हणजे दरवाजे उघडे असलेल्या त्वचेवर. मुरमांवर टी ट्रीचा उपयोग होतो या समजुतीला ज्या ऑस्ट्रेलियन चाचणीचा आधार दिला जातो, ती १९९० साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात ५ टक्के तीव्रतेचे जेल वापरले होते. लोक आज बाटलीतले तेल सरळ लावतात तेव्हा त्या चाचणीच्या वीसपट तीव्रता वापरत असतात, आणि पुरावा मात्र तिचाच देतात.

लॅव्हेंडर तेल पातळ न करता लावले तरी चालते, हा समजही असाच पसरलेला आहे. त्यामागे फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गॅटफोसे यांची कथा सांगितली जाते: १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांचे हात भाजले आणि लॅव्हेंडरने बरे झाले. कथेचा तपशील काहीही असो, गंभीर जखमेवर एकदा केलेला उपचार हा रोज रात्री उशीवर आणि कपाळावर तेच तेल लावण्याचा परवाना होऊ शकत नाही.

मग किती पातळ करावे? साधारण हिशेब असा की २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. बाटलीच्या तोंडावरील प्लास्टिकच्या छिद्रानुसार आणि तेलाच्या दाटपणानुसार थेंब लहान-मोठा होतो, म्हणून शंका असल्यास कमी घ्यावे. चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर खोबरेल तेलात एक थेंब घातला तर एक टक्का झाला. समाजमाध्यमांवरील कृतींत 'एक चमचा तेलात दहा थेंब' असे बिनदिक्कत लिहिलेले असते. ते दहा टक्के होतात, आणि कोणत्याही चेहऱ्यासाठी ते फार आहेत. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या अंगाच्या मालिशीसाठी एक ते दोन टक्के पुरेसे आहेत, चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का. शंभर मिलिलिटरची खोबरेल तेलाची बाटली घेतली तर एक टक्क्यासाठी तिच्यात सुमारे वीस थेंब जातील, यापेक्षा जास्त नाहीत. वास कमी आला म्हणून आणखी थेंब टाकण्याचा मोह होतो, पण नाकाला वासाची सवय काही मिनिटांतच होते, तेव्हा नाक हे मोजमापाचे साधन नव्हे.

शिवाय सर्व तेलांना एकच माप लागू होत नाही. आपल्या घरात सहज येणारी काही तेले नेमकी अधिक धोक्याची आहेत. गवती चहाच्या तेलात सिट्राल हा घटक मोठ्या प्रमाणात असतो आणि सुरक्षिततेच्या प्रचलित मार्गदर्शनात त्याची त्वचेवरील कमाल मर्यादा ०.७ टक्के धरली जाते. युजेनॉल या घटकाने समृद्ध असलेल्या लवंगेच्या तेलासाठी ती ०.५ टक्के आहे. दालचिनीच्या सालीच्या तेलासाठी ०.०७ टक्के आहे, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये जेमतेम दीड थेंब. असे तेल घरात मोजून वापरणे शक्यच नसल्यामुळे ते त्वचेच्या वापरातून सरळ वगळलेले बरे. इलँग-इलँग आणि जाई-जुईचे गाढे अर्क हेही ॲलर्जी जडवण्याबाबत पुढे असतात. सोसण्याच्या दृष्टीने चंदन किंवा लॅव्हेंडर यांचे स्थान बरेच वरचे आहे, पण 'सौम्य' या शब्दाचा अर्थ येथे कमी शक्यता एवढाच घ्यावा.

तीव्रतेइतकीच महत्त्वाची बाब वारंवारतेची. रोज, महिनोन्महिने, तेच तेल, त्याच जागी, ही ॲलर्जी जडण्यासाठी सर्वांत अनुकूल परिस्थिती आहे. म्हणूनच मालिश करणाऱ्या आणि सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायातील व्यक्तींमध्ये हातांचा त्वचादाह वारंवार दिसतो: ग्राहकाला महिन्यातून एकदा तेल लागते, त्यांना दिवसातून सहा वेळा, आणि मध्ये साबणाने हात धुऊन त्वचेचा संरक्षक थर झिजलेलाच असतो. फाटलेली, इसबाची, नुकतीच वॅक्सिंग किंवा दाढी केलेली त्वचा, काख, आणि वर पट्टी बांधलेली जागा येथे तेलाचे शोषण वाढते. अशा ठिकाणी इसेन्शियल ऑइल नकोच.

आंघोळीच्या पाण्याविषयीही एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. बादलीत पाच थेंब टाकले की ते पाण्यात विरघळून पातळ होतात असे वाटते, पण तेल पाण्यात विरघळत नाही. ते पृष्ठभागावर तरंगते आणि पहिल्या तांब्याबरोबर तसेच्या तसे अंगावर येते. पाण्यात घालायचेच असेल तर आधी ते चमचाभर तिळाच्या तेलात किंवा सुगंधविरहित द्रव साबणात मिसळून घ्यावे.

जुने तेल अधिक घातक का

खाद्यतेल खवट झाले की वासावरून कळते आणि आपण ते टाकतो. इसेन्शियल ऑइलची बाटली मात्र घरात चार-पाच वर्षे राहते आणि 'हे काय खराब होणार' अशी समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल हा एक मुख्य घटक असतो. ताजे लिमोनीन आणि ताजे लिनालूल ॲलर्जीच्या दृष्टीने फारसे उपद्रवी नाहीत. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे तयार झाली की मात्र तीच द्रव्ये प्रबळ ॲलर्जीकारक ठरतात. टी ट्रीच्या बाबतीतही असेच घडते: जुन्या, उघड्या राहिलेल्या बाटलीत ॲस्कारिडोलसारखी नवी द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे तेलाची ॲलर्जी निर्माण करण्याची क्षमता लक्षणीय वाढते. ज्या व्यक्तीने तीन वर्षे तेच तेल निर्धास्तपणे वापरले तिला चौथ्या वर्षी त्रास होण्यामागे हेही एक कारण असू शकते. बाटलीवरचे नाव तेच राहिले, आतला पदार्थ बदलला.

यावर उपाय साधा आहे. लहान बाटली घ्यावी, कारण अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेने भरलेली बाटली. काच गडद असावी. ही तेले काही प्लास्टिकना विरघळवतात, म्हणून प्लास्टिकच्या डबीत भरू नयेत. बूच घट्ट लावावे. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या किंवा जळगावच्या घरात खिडकीशी ठेवलेल्या बाटलीचे काय होत असेल हे सांगायला नको. तेल फ्रिजमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख मार्करने तिच्यावर लिहावी. लिंबूवर्गीय आणि टी ट्रीची तेले उघडल्यापासून वर्षभरात संपवावीत, न संपल्यास त्वचेसाठी वापरू नयेत. वासाला टर्पेंटाइनसारखी तिखट झाक आली, किंवा तेल चिकट, दाट झाले, तर तारीख न पाहता ते बाद समजावे.

येथेच शुद्धतेच्या प्रश्नाचाही निकाल लावता येतो. 'आमचे तेल शंभर टक्के शुद्ध आहे, म्हणून ॲलर्जी होत नाही' असे विक्रेते सांगतात, आणि काही बाटल्यांवर 'थेरप्युटिक ग्रेड' असे छापलेले असते. ही कोणत्याही सरकारी यंत्रणेने ठरवलेली प्रत नाही, ते विक्रीसाठी वापरलेले शब्द आहेत. भेसळ नसणे चांगलेच, परंतु ॲलर्जी देणारे रेणू हे भेसळीतून आलेले नसून त्या वनस्पतीचेच आहेत. शुद्ध लवंगतेलात युजेनॉल कमी नसते, भरपूर असते.

याहून घातक समजूत म्हणजे पुरळ आले की 'शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत, वापर चालू ठेवा' असा सल्ला देणे. असे काहीही बाहेर पडत नसते. पुरळ ही प्रतिकारव्यवस्थेची प्रतिक्रिया असते आणि वापर चालू ठेवल्यास ती अधिक उग्र होते. हा सल्ला देणारी व्यक्ती कितीही आपुलकीने बोलत असली तरी तिचे ऐकू नये.

घरची चाचणी काय सांगते

नवे तेल वापरण्यापूर्वी हातावर लावून पाहावे हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे, मात्र त्याचा अर्थ मर्यादित आहे. चाचणी नेहमी पातळ केलेल्या, प्रत्यक्ष वापरायच्या मिश्रणाचीच करावी. शुद्ध तेल लावून चाचणी करणे म्हणजे ॲलर्जी जडण्याची सोय करून देणे. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी पाहण्यापेक्षा कोपराच्या आतील बाजूस, नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहणे अधिक विश्वासार्ह असते. खाज, लाली, बारीक पुरळ यांपैकी काही दिसले तर तेथेच थांबावे. काहीच दिसले नाही, तर एवढेच सिद्ध होते की आजघडीला आपल्याला त्याची ॲलर्जी नाही. सहा महिन्यांनी ती जडणार नाही असे ती चाचणी सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. म्हणून चाचणी निर्दोष आली तरी कमी तीव्रता, कमी वारंवारता आणि ताजे तेल ही पथ्ये सुटत नाहीत.

आणखी एक धोका या चाचणीतून निसटतो, तो उन्हाचा. दाबून काढलेल्या बर्गमॉट, लिंबू आणि तत्सम सालींच्या तेलांत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्ये असतात, आणि ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखा दाह होतो. ही ॲलर्जी नव्हे. पहिल्याच वेळी, कोणालाही होऊ शकते. लिंबू पिळून उन्हात गेलेल्या माणसाच्या बोटांवर दोन दिवसांनी काळसर डाग उमटतात ते याच कारणाने. बर्गमॉटसाठी त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनातील मर्यादा ०.४ टक्के मानली जाते, आणि अशी तेले लावल्यावर किमान बारा तास ती जागा उन्हापासून झाकून ठेवावी. वाफेने काढलेल्या लिंबूतेलात किंवा फ्युरोकूमरिन काढून टाकलेल्या बर्गमॉटमध्ये हा धोका नसतो. लेबलवर तसा उल्लेख पाहावा.

भारतीय त्वचेच्या बाबतीत डागांचा मुद्दा विशेष गंभीर आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत दाह ओसरला तरी मागे काळपटपणा राहतो आणि तो जायला महिने लागतात. काही वेळा तर खाज, लाली असा दाह ठळक दिसतच नाही. सुगंधी द्रव्याच्या रोजच्या संपर्काने गालावर, कपाळावर, मानेवर हळूहळू राखी-तपकिरी छटा चढत जाते. कुंकवाच्या जागी कपाळावर पडणारा काळा डाग अनेक घरांत परिचित आहे. त्यामागे कुंकवातील रंगाइतकीच त्यातील सुगंधद्रव्येही असू शकतात. डाग उजळावा म्हणून त्याच जागी लिंबाचे तेल लावणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे.

लहान मुलांविषयी थोडक्यात, कारण तेथे प्रश्न त्वचेपुरता राहत नाही. दोन वर्षांखालील बाळाच्या अंगाला, विशेषतः नाकाजवळ आणि छातीवर, निलगिरी, पुदिना किंवा कापूर असलेले तेल लावू नये. श्वसनावर परिणाम होऊ शकतो. कापूर आणि निलगिरी तेल पोटात गेल्यास मुलांना झटके येतात, आणि ते चमच्यानेच गेले पाहिजे असे नाही, बाळ स्वतःचे हात चाटते. तसे घडल्यास उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुरळ उठल्यावर

शुद्ध तेल चुकून अंगावर सांडले तर नुसत्या पाण्याने ते निघत नाही. आधी खोबरेल किंवा कोणत्याही साध्या तेलाच्या कापसाने पुसून घ्यावे, मग सौम्य साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास मात्र भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे.

ॲलर्जीचे पुरळ असेल तर पहिली गोष्ट म्हणजे ते तेल आणि त्यासोबत इतर सर्व सुगंधी प्रसाधने थांबवणे. औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असे तिन्ही घटक एकत्र असलेले मलम आणण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने दोन दिवस बरे वाटते आणि चेहऱ्याची त्वचा मात्र पातळ होते. खाजेवरच्या नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचाही येथे मर्यादित उपयोग होतो, कारण त्या पित्ताच्या गांधी उठवणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याला रोखतात आणि ही प्रतिक्रिया मुख्यतः टी-पेशींची असते. त्याच कारणाने रक्तातील ॲलर्जीची तपासणी येथे निरुपयोगी ठरते. हजारो रुपये खर्चून आणलेल्या त्या अहवालात सुगंधी तेलाचे उत्तर सापडत नाही.

उत्तर मिळते ते पॅच टेस्टमधून. योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही मूलतः तशीच आहे. पाठीवर लहान लहान चकत्यांमध्ये ठराविक तीव्रतेचे संशयित पदार्थ ४८ तास चिकटवून ठेवतात, नंतर काढून पाहतात, आणि प्रतिक्रिया उशिरा येते म्हणून एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्या काळात पाठ भिजवायची नसते आणि घाम येणारी कामे टाळायची असतात, त्यामुळे पुणे-मुंबईच्या भर उन्हाळ्यात ही चाचणी सोयीची नसते. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या पदार्थसंचात सुगंधद्रव्यांचे मिश्रण असते, परंतु जुन्या, हवा लागलेल्या तेलातील द्रव्ये त्यात असतीलच असे नाही. म्हणून जाताना आपली वापरातील बाटली, तिची मूळ खोकी आणि घरी केलेले मिश्रण सोबत न्यावे. घरचे शुद्ध तेल स्वतः पाठीवर चिकटवून ही चाचणी करू नये. ते पातळ कसे आणि कशात करायचे हे तज्ज्ञच ठरवतात.

एखाद्या घटकाची ॲलर्जी निश्चित झाली की काम लेबल वाचण्याचे राहते. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक असलेली ठराविक सुगंधद्रव्ये नावानिशी छापणे बंधनकारक आहे; ही यादी आधी २६ द्रव्यांची होती आणि २०२३च्या दुरुस्तीने ती ८०च्या पुढे गेली. त्यामुळे आयात प्रसाधनांच्या घटकसूचीच्या शेपटाकडे लिमोनीन, लिनालूल, सिट्राल, जेरॅनिऑल, युजेनॉल अशी नावे सापडतात. लिमोनीनची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला हे नाव भांड्यांच्या साबणापासून फरशी पुसण्याच्या द्रवापर्यंत सगळीकडे दिसू लागेल, आणि 'अनसेंटेड' लिहिलेल्या उत्पादनातही मूळ वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य असू शकते, म्हणून सूचीच पाहावी. दालचिनीतील सिनॅमलची ॲलर्जी असेल तर टूथपेस्ट आणि च्युइंगगम तपासावे. ओठांच्या कडा सोलवटण्याचे कारण अनेकदा तेथे असते. आणि लवंगेच्या युजेनॉलची ॲलर्जी असेल तर दंतवैद्याला आधी सांगावे, कारण दातात तात्पुरते भरण्याच्या झिंक ऑक्साइडच्या मिश्रणात तेच युजेनॉल असते. ते कळल्यास दंतवैद्य युजेनॉल नसलेला पर्याय निवडू शकतात.